बेडला लावायचा क्रिब घेताय? आधी स्वतःचा बेड मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की आठवा महिना चालू आहे, डॉक्टर सिझेरियनची शक्यता सांगतायत, रात्री उठून दुसरीकडे जायला नको म्हणून बेडला चिकटून लावायचा क्रिब, म्हणजे बाळाचा कठड्याचा छोटा पलंग, घ्यायचाय आणि तीन पर्याय समोर आहेत. एक नवीन, ज्याची बेडकडची बाजू पूर्ण खाली पडते. दुसरा पण नवीनच, बाजू अर्धीच खाली येते, शिवाय तो झुलतो आणि डोक्याकडून थोडा वर पण करता येतो. तिसरा नणंदेकडचा, बराच जुना, लाकडी, फुकट. यातला सेफ कोणता, असं विचारलंय.

मी नवजात शिशू विभागात सिस्टर आहे, १९ वर्षं झाली, त्यातली बरीच वर्षं डिस्चार्जनंतर घरी जाऊन बाळ-बाळंतीण बघायचं काम करतेय, त्यामुळे क्रिब दुकानात कसा दिसतो त्यापेक्षा घरात लावल्यावर तिसऱ्या आठवड्यात कसा दिसतो हे मला जास्त माहिती आहे. आणि त्यावरून सांगते, तिघांपैकी कोणता सेफ हे तुमचा बेड बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. एकाच मॉडेलचा क्रिब एका घरात अगदी उत्तम बसतो आणि दुसऱ्या घरात तोच धोक्याचा होतो, कारण गडबड क्रिबमध्ये नसतेच, ती असते क्रिब आणि बेडच्या मधल्या फटीत. ती फट कोणत्याही बॉक्सवर छापलेली नसते, ती तुमच्या घरी तयार होते.

फटीचं एवढं काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं कंटाळवाणं वाटणार नाही. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या साधारण पाव भाग असतं, मानेत ते उचलून धरायची ताकद नसते. बाळ सरकत सरकत फटीकडे गेलं तर पाय आणि धड आत जातं आणि डोकं वर अडकतं, किंवा उलटं, तोंड गादीच्या कडेला दाबलं जातं. मोठा माणूस झोपेत सुद्धा मान फिरवून घेतो, बाळाला ते जमत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अशा वेळी बाळ रडत नाही, रडायला पण हवा लागते. त्यामुळे "मी शेजारीच आहे, मला कळेल" हा जो आपला भरवसा असतो ना तो इथे चालत नाही. एक फूट अंतरावर झोपलेल्या आईला कळत नाही, आणि त्यात तिचा काही दोष नसतो.

तर टेप घ्या आणि तुमचा बेड मोजा, क्रिब बघायला जायच्या आधी. पण उभं राहून नाही, तुमच्या मिस्टरांना बेडच्या कडेला झोपवा आणि मग जमिनीपासून गादीच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मोजा, कारण कोणीही नसताना ५५ सेंटीमीटर भरलेली गादी माणूस झोपल्यावर कडेला चांगली चार-पाच सेंटीमीटर खाली बसते आणि रात्रभर खरी उंची तीच असणार आहे. दोन्ही आकडे लिहून ठेवा. क्रिबचे पाय बहुतेक कंपन्यांचे ठरावीक पायऱ्यांनी वरखाली होतात, सलग नाही, त्यामुळे तुमची उंची दोन खाचांच्या मध्ये आली तर तो क्रिब तुमच्या बेडला नीट बसणार नाही, मग कितीही महाग असो. बेडकडच्या बाजूच्या कठड्याची वरची कड तुमच्या गादीच्या लेव्हलला यायला हवी, गादीच्या वर अजिबात नको, बाळाची मान त्या कडेवर अडकू शकते.

मग बेडची चौकट बघा. हे कोणी सांगत नाही आणि निम्मी घरं इथेच फसतात. तुमचा बेड स्टोरेजचा, म्हणजे खाली बंद पेटी असलेला बॉक्स बेड असेल तर क्रिबचे पाय बेडखाली जाणारच नाहीत. पुष्कळ क्रिबचे पाय इंग्रजी एल सारखे असतात, त्यांचा पुढचा भाग बेडखाली सरकतो तेव्हाच क्रिब गादीला टेकतो, आणि बॉक्स बेडला तो पाय पेटीवर आपटून थांबतो आणि क्रिब चार बोटं लांब राहतो. काही मॉडेलमध्ये पाय दुमडून आत घेता येतात, तसं असेल तर ठीक, पण पाय आत घेतले की क्रिब बाहेरच्या बाजूला डगमगतोय का ते हलवून बघा. दुसरा प्रकार म्हणजे गादीभोवती लाकडाची पट्टी वर आलेला बेड. दिसायला छान, पण तिथे क्रिब लाकडाला टेकतो, गादीला नाही, आणि लाकडाच्या जाडीएवढी एक खाच मध्ये कायमची राहते. असा बेड असेल तर मी सरळ सांगते, बेडला जोडायचा क्रिब घेऊ नका, चारही बाजू बंद असलेला साधा क्रिब घ्या आणि तो हाताच्या अंतरावर ठेवा. बाळ तुमच्या खोलीत असणं हे महत्त्वाचं आहे, बेडला चिकटलेलं असणं ही फक्त सोय आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात पण असंच आहे, आईवडिलांच्या खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर, निदान पहिले ६ महिने.

आता पट्टे. बेडला जोडायच्या क्रिबबरोबर पट्टे येतात आणि त्यांचा उपयोग लोकांना वाटतो तसा क्रिब "बांधून ठेवणं" एवढाच नसतो, तो क्रिब गादीवर ओढून दाबून ठेवण्यासाठी असतो. पट्टा तुमच्या गादीच्या खालून पूर्ण पलीकडे जाऊन बेडच्या दुसऱ्या बाजूच्या चौकटीला अडकला पाहिजे, किंवा कंपनीच्या पुस्तिकेत जसं दाखवलंय तसा. जवळच्या पायाला गुंडाळून गाठ मारली तर क्रिब बाजूला सरकणार नाही कदाचित, पण मागे जायचा तो जाईलच. मागे एका घरी गेले होते, बाळ तीन आठवड्यांचं, क्रिब नवाकोरा, भारीतला, आणि पट्टे प्लॅस्टिकच्या पिशवीत तसेच सील न उघडता क्रिबच्या खालच्या कप्प्यात, डायपरच्या शेजारी. क्रिब आणि गादीच्या मध्ये माझा हात आडवा जात होता. आणि ती फट दिसू नये म्हणून, म्हणजे त्यांच्या मते बाळ पडू नये म्हणून, तिथे ब्लँकेटची गुंडाळी करून ठासलेली. आजीबाईंनी मोठ्या प्रेमाने केलेलं होतं ते काम, मला बोलताना जड गेलं.

पण बोलावं लागतं, कारण फट भरणं हे फटीपेक्षा वाईट असू शकतं. टॉवेल, उशी, ब्लँकेट, फोमचा तुकडा, काहीही ठासलं तरी ते रात्री तुमच्या हालचालीने सैल होतं, वर येतं आणि बाळाच्या तोंडाशी एक मऊ वस्तू तयार होते, शिवाय खाली फट असतेच. आणि ती झाकलेली असल्यामुळे तुम्हाला दिसत नाही. फट भरायची नसते, ती होऊच द्यायची नसते. पट्टे आवळल्यावर तुमच्या गादीवर गुडघा टेकवून क्रिब स्वतःपासून लांब ढकलून बघा, जोरात, लाजू नका. त्या ढकलण्यात मध्ये एक बोट सहज जायला लागलं तर अजून आवळा, आणि आवळूनही जात असेल तर तो क्रिब त्या बेडसाठी नाही, परत करा.

यात अजून एक गोष्ट, फट फक्त क्रिबच्या बाजूने धोक्याची नसते. रात्री तुम्ही कुशीवर होऊन बाळाला शेजारी घेऊन पाजणार, तुमचा डोळा लागणार, सगळ्यांचाच लागतो, आणि बाळ तुमच्या आणि क्रिबच्या मध्ये असणार. म्हणजे फट नेमकी बाळाच्या पाठीशी. अर्ध्या कठड्याच्या क्रिबमध्ये बाळ आतून त्या फटीत जाऊ शकत नाही हे खरं, पण बेडवरून जाऊ शकतं.

हे कठड्याचं आलं म्हणून तुमच्या पहिल्या पर्यायाकडे येते. बाजू पूर्ण खाली पडणारा क्रिब, म्हणजे क्रिबची गादी आणि तुमची गादी सपाट एकसारखी, फोटोत फार गोड दिसतं. मी तो घेऊ देणार नाही. युरोपात ईएन ११३० नावाचं स्टँडर्ड आहे, त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत बेडसाईड क्रिबला बेडकडच्या बाजूनेही गादीच्या वर निदान १२० मिलिमीटर कठडा राहिलाच पाहिजे असं आलं, आणि ते उगाच आलेलं नाही. नवजात बाळ पालथं होत नसलं तरी टाचा रोवून स्वतःला ढकलत जातं, विशेषतः पोट दुखत असताना, आणि सपाट जागेवर ते रात्रीत तुमच्या उशी-पांघरुणापर्यंत पोचतं. उलट दिशेने तुमचं पांघरूण आणि तुमचा हात त्याच्याकडे जातो. १२ सेंटीमीटर म्हणजे वीतभर पण नाही, त्यावरून हात घालून बाळाला थोपटता येतं, उचलता येतं, सिझेरियनच्या टाक्यांना काही फरक पडत नाही. लोक म्हणतात मग बेडला लावायचा उपयोग काय. उपयोग हाच की तुम्हाला उठावं लागत नाही. बाळाने तुमच्याकडे घरंगळत यावं हा उपयोग नाहीये. अमेरिकेत पण बेडसाईड स्लीपरसाठी २०१४ पासून वेगळा सक्तीचा नियम आहे. तुम्ही जिथे घेताय तिथला काय नियम ते दुकानदाराला विचारा, आणि तोंडी "सगळे सर्टिफाइड आहेत मॅडम" वर समाधान मानू नका, क्रिबच्या खाली किंवा पायावर चिकटवलेलं लेबल असतं, त्यावर स्टँडर्डचा नंबर, मॉडेल आणि बनवल्याची तारीख असते. लेबलच नसेल तर विषय संपला.

दुसऱ्या पर्यायात अर्धा कठडा आहे म्हणजे तो पुढे आहे, पण त्याच्या बाकीच्या दोन करामतींबद्दल मला बोलायचंय.

डोक्याकडून वर करायची सोय. दुकानात याला रिफ्लक्स मोड वगैरे म्हणतात, दूध वर येणाऱ्या बाळांसाठी. झोपेसाठी ती सोय कधीच वापरू नका, म्हणजे क्रिबचे दोन्हीकडचे पाय कायम एकाच उंचीच्या खाचेत. तिरप्या जागेवर बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते, आणि नवजात बाळाची श्वासनळी इतकी अरुंद आणि मऊ असते की मान अशी दुमडली की ती वाकवलेल्या स्ट्रॉसारखी बंद व्हायला लागते. एरिन मॅनन या संशोधिकेने अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगासाठी तिरप्या झोपणींचा, म्हणजे बाळाला उतारावर झोपवायच्या अशा उत्पादनांचा, अभ्यास केला होता, अहवाल २०१९ चा, त्यात अशा उतारावर बाळांच्या पोटाचे स्नायू जास्त राबतात आणि बाळ उलटलं तर थकून परत सरळ होणं अवघड जातं असं दिसलं. त्याच वर्षी तिकडची तिरप्या झोपणीची लाखो उत्पादनं बाजारातून परत बोलावली गेली, आणि २०२२ च्या कायद्याने १० अंशांपेक्षा जास्त उताराच्या झोपणींवर बंदीच आली. आणि गंमत म्हणजे दूध वर येण्यावर पण त्याचा उपयोग नाही, २०१८ च्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात झोपलेल्या बाळाचं डोकं वर करू नका असंच सांगितलंय.

इथे प्रत्येक घरी एक प्रश्न येतो, उताणं झोपवलं आणि दूध वर आलं तर बाळ गुदमरणार नाही का. नाही, आणि कारण समजून घेतलं की भीती जाते. छातीत श्वासनळी पुढे असते आणि अन्ननळी तिच्या मागे, पाठीकडे. बाळ उताणं असताना श्वासनळी वर येते आणि अन्ननळी खाली, म्हणजे वर आलेल्या दुधाला श्वासनळीत जायचं तर चढ चढावा लागेल. पालथं घातलं की उलटं होतं, श्वासनळी खाली आणि दूध तिच्यात ओघळायला मोकळं. मी बाळंतिणींना दोन बोटं एकावर एक धरून दाखवते, वरचं बोट श्वासाचं, खालचं दुधाचं, मग हात उलटा करते. त्यानंतर सहसा कोणी परत विचारत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना उताणं झोपवा ही मोठी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दहा वर्षांत झोपेत अचानक होणारे बालमृत्यू निम्म्याच्या आसपास आले. कुशीवर पण नको, कुशीवरचं बाळ अर्ध्या रात्रीत पालथं होऊ शकतं.

झुलवण्याचं म्हणाल तर जागं असताना झुलवा, झोपलं की लॉक लावा. बेडला जोडलेला असताना तर झुलणं बंदच हवं, कारण झुलतं ते मागे-पुढे सरकतं आणि सरकलं की काय होतं ते वर लिहिलंच आहे. लॉक लावल्यावर हाताने हलवून बघा, काही लॉक नावालाच असतात.

नणंदेचा लाकडी. फुकट आहे आणि नात्यातला आहे म्हणून नाही म्हणायला जीवावर येतं हे मला कळतं. पण बघायचं काय ते सांगते. बाजूची फळी वरखाली सरकणारी असेल, म्हणजे रुळावर सरकून खाली येते तशी, तर नको, अमेरिकेने अशा क्रिबची विक्री २०११ पासून बंद केली कारण रुळाची प्लॅस्टिकची खिट्टी तुटते, फळी एका कोपऱ्यातून सुटते आणि तिरप्या फटीत बाळ अडकतं. दांड्यांमधलं अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर नको, कोल्ड्रिंकचा साधा कॅन आडवा पार जात असेल तर अंतर जास्तच आहे. स्क्रू कमी असतील आणि जागी घरचा खिळा किंवा तार असेल तर नको. गादी वेगळी केलेली असेल, म्हणजे मूळ हरवली आणि मग मापाने शिवून घेतलेली, तर नको. पट्टे नसतील तर बेडला जोडायचाच नाही. आणि मॉडेल नंबर असेल तर तो रिकॉल झालाय का, म्हणजे कंपनीने परत मागवलाय का, ते नेटवर शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. एवढं सगळं नीट निघालं तर वापरा की, मला काही जुन्याचं वावडं नाही, पण माझ्या अनुभवात जुन्या क्रिबचं एकतरी काहीतरी हरवलेलं असतंच, आणि ते नेमकं पुस्तिका किंवा पट्टा असतं.

गादीबद्दल जरा थांबते, कारण क्रिब घेऊन झाल्यावर त्यात सगळ्यात जास्त बिघाड इथे करतात, आणि तो पण प्रेमाने. क्रिबबरोबर येणारी गादी पातळ आणि कडक असते. घरातलं कोणीतरी मोठं माणूस त्यावर तळहात दाबतं आणि म्हणतं, अगं बाळाला टोचेल हे, आणि वर एक मऊ गादी येते. ती कडक आहे कारण ती कडकच हवी. मऊ गादीत डोक्याचा खळगा होतो, बाळाने तोंड फिरवलं की नाक त्या खळग्याच्या कडेला लागतं आणि बाळ स्वतःच सोडलेला श्वास परत परत आत घेतं, त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त होत जातो. आणि पातळ आहे कारण जाळीच्या बाजू असलेल्या क्रिबमध्ये जाड गादी घातली की बाजूची जाळी ताणून गादी आणि जाळीच्या मध्ये खिसा तयार होतो, अमेरिकन स्टँडर्डमध्ये तर कापडी बाजूंच्या बॅसिनेटची, म्हणजे तान्ह्या बाळाच्या छोट्या पाळण्याची, गादी दीड इंचापेक्षा जाड नको असं मापच घालून दिलंय. तर बरोबर आलेली गादी तीच, तेवढीच, वर फक्त तिच्या मापाची इलॅस्टिकवाली चादर, खेचून बसणारी. दुसरी गादी नाही, टॉपर नाही, चादरीखाली ब्लँकेट नाही. वॉटरप्रूफ लागत असेल तर पातळ, घट्ट बसणारं.

कडकपणाची शंकाच असेल तर ऑस्ट्रेलियात वापरतात ती घरगुती चाचणी करा, मला फार आवडते. १२ जुन्या सीडी किंवा डीव्हीडी एकावर एक रचून गादीवर जिथे बाळाचं डोकं येणार तिथे ठेवा. त्यांच्यावर एक-एक लिटरचे दोन भरलेले चौकोनी कार्टन आडवे, एकावर एक, असे ठेवा की खालच्या कार्टनची कड सीडीच्या बाहेर ४ सेंटीमीटर येईल. आता खाली वाकून बघा, ती बाहेर आलेली कड गादीला टेकली तर गादी मऊ आहे. मध्ये हवा दिसत असेल तर ठीक. सीडी घरात कोणाकडे राहिल्यात आता म्हणा, पण माळ्यावर एखादा डबा निघतोच.

आणि क्रिबमध्ये बाकी काय, तर काही नाही. उशी नाही, डोकं गोल करायची उशी तर नाहीच नाही, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, २०२२ मध्ये त्या उशा वापरू नका म्हणून स्पष्ट सांगितलंय. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये म्हणून रोज डोक्याची दिशा बदला आणि जागं असताना समोर बसून थोडा वेळ पोटावर ठेवा. बंपर नाही, ती कडेने बांधायची मऊ पट्टी फार गोंडस असते, पण त्याच २०२२ च्या कायद्याने तिच्यावर पण बंदी आली. खेळणं नाही. दुपट्यात गुंडाळत असाल तर हात छातीशी, कमरेला पाय हलायला जागा, आणि बाळ वळायला बघतंय असं दिसलं त्या दिवशी गुंडाळणं बंद. पांघरुणाच्या जागी अंगात घालायची झोपेची पिशवी मिळते ती बरी. कपडे तुम्हाला त्या खोलीत जेवढे पुरतात त्यापेक्षा फार तर एक थर जास्त, गरम होतंय का ते मानेच्या मागे किंवा छातीला हात लावून बघायचं, हातपाय बघून नाही, ते थंड असतातच. पडद्याची दोरी, चार्जरची वायर, मॉनिटरची वायर हे क्रिबपासून ९० सेंटीमीटरच्या आत नको. बाळाचे ठोके आणि ऑक्सिजन मोजणारा, पायात घालायचा मोजा वगैरे मिळतो, त्याच्या जिवावर यातलं काही सोडू नका.

सिझेरियनचं एक वेगळं सांगायचंय जे तुम्हाला घरी आल्यावर पहिल्या रात्री कळेल आणि मग वैताग येईल. क्रिब तुमच्या बाजूला लावला की तुमची बेडवरून उतरायची जागाच बंद होते. टाके असताना बाईला कुशीवर होऊन, पाय खाली सोडून, हाताने रेटून उठायचं असतं, आणि तिथे नेमका क्रिब. मग ती सरकत सरकत पायथ्यापर्यंत जाते आणि तेच सगळ्यात जास्त दुखतं. म्हणून क्रिबची लांबी पण मोजा आणि तो उशीकडे सरकवून लावा, म्हणजे गुडघ्याच्या पुढे निदान ७०-८० सेंटीमीटर कड मोकळी राहील. आत्ता, पोट मोठं असतानाच, एखादी खुर्ची क्रिबच्या जागी लावून दोन-तीनदा उतरून बघा. जमत नसेल तर बेडला न जोडता चाकाचा बंद क्रिब, ब्रेक लावून, हा तुमच्यासाठी जास्त बरा पर्याय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

तुम्ही खोलीत नसाल, किंवा बेडवर नसाल, तर बाजू पूर्ण वर आणि लॉक. बाथरूमला दोन मिनिटं गेलात तरी. दिवसा बाळ झोपलंय आणि तुम्ही कामात आहात तेव्हा तर नक्कीच, घरात आधीचं लहान मूल असेल तर ते खाली पडलेल्या बाजूवरून बाळाशेजारी चढतं, "बाळाला झोपवायला". काही चांगल्या क्रिबमध्ये बाजू खाली असताना एक लाल खूण दिसते, तशी असेल तर उत्तम.

पाजताना डोळा लागण्याबद्दल पण बोलते, कारण बायका मला हे कुजबुजत सांगतात, जसा काही गुन्हाच केलाय. डोळा लागणारच असं वाटत असेल तर बेडवर पाजा, आधी तुमच्या उशा-पांघरुणं बाजूला करून. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत नको, तिथे बाळ तुमच्या आणि गादीच्या मध्ये घसरतं आणि तो धोका बेडपेक्षा कितीतरी जास्त असतो. मी अशा आया बघितल्यात ज्या बेडवर झोप लागेल म्हणून मुद्दाम सोफ्यावर जाऊन बसायच्या. जाग आली की बाळ परत क्रिबमध्ये, कितीही वाजले असोत. घरात कोणी सिगरेट ओढत असेल किंवा तुम्हाला गुंगीची औषधं चालू असतील, सिझेरियननंतर काहींना असतात, तर मग बाळाला पाजून झालं की दुसऱ्या कोणीतरी उचलून क्रिबमध्ये ठेवायचं असं आधीच ठरवून टाका.

क्रिब किती दिवस चालेल, तर दुकानात सांगतात त्यापेक्षा कमी. वजनाची मर्यादा बहुतेकांवर ९ किलो लिहिलेली असते आणि लोक तीच धरून बसतात, पण वजन होण्याच्या बरंच आधी बाळ वळायला लागतं किंवा हातांवर उठायला बघतं, चार ते सहा महिन्यांत कधीही, आणि त्या दिवसापासून १२ सेंटीमीटरचा कठडा काही कामाचा नाही. मग मोठा क्रिब. पैशाचा हिशोब करताना हे धरा, पाच महिन्यांच्या वस्तूवर किती घालायचे ते तुम्ही बघा.

तर तुमच्या तीनमधून, पहिला काढून टाका. बेडची मापं जुळत असतील तर दुसरा घ्या आणि तिरपं करायची सोय त्याला नाहीच असं समजा. जुळत नसतील आणि नणंदेचा वर लिहिलेल्या सगळ्यातून पास झाला तर तो बंद बाजूंनी, न जोडता. दुसरा घेतलात तर बाळ येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी लावून टाका, नव्या प्लॅस्टिकचा आणि फोमचा वास जातो, आणि दोघांनी त्याच्या शेजारी झोपून बघा. चार-पाच रात्रींनी पट्टे तपासा, सैल झालेले सापडतील, प्रत्येक घरात सापडतात, कारण कडेला बसलं-उठलं की गादी हळूहळू पलीकडे सरकते. बाळ आल्यावर तर रोज झोपायच्या आधी ओढून बघायला लागतात, आणि तुम्हाला दीड महिना वाकायचं नाहीये, त्यामुळे हे काम आत्तापासूनच मिस्टरांच्या नावावर टाका, आणि फट बोटाने बघायची, डोळ्याने नाही, हे त्यांना एकदा करून दाखवा.